आधी काटा तपासावा

२ सप्टेंबर, सोमवार

पाणी कुठंतरी मुरतंय!

नातीला आणायला गेलो तर बालवाडीच्या फाटकाशी ताई माझीच वाट बघत उभ्या. बाकीच्या आजी-आजोबांना नुसती मान हलवली, मला मात्र “आजोबा, दोन मिनिटं हं.” मुलांच्या इस्पितळातून एक डॉक्टरीणबाई येणार आहेत म्हणे. बालवाडीच्या वयात एडीएचडी किती पोरांना असतो, ते मोजताहेत. म्हणजे काय? तर लक्ष एका जागी टिकत नाही, अंगाला थारा नाही, मनात आलं की केलं, मागचा-पुढचा विचार नाही. मी म्हटलं, ताई, हे चार वर्षांच्या कुठल्याही पोराचं वर्णन झालं! त्या हसल्या. “म्हणूनच तर मोजताहेत ना, आजोबा.”

सगळा वर्ग मोजणार, मग थांबवलं एकट्या मलाच का? हे विचारायचं राहिलं. कारण तोवर आमची नात, भिंगरी, हात सोडवून फाटकावर चढली होती. घरी येताना आणखी दोनदा हात सोडवला आणि एक चप्पल गटारात घातली. हल्ली चपलांचे बंद नीट शिवतच नाहीत.

३ सप्टेंबर, मंगळवार

सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानात शिरलो की मी मालाकडे बघत नसे, आधी काट्याकडे. रिकामं पारडं शून्यावर येतं का? पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलाय का? काटाच खोटा असेल तर माल कितीही चोख असू दे, माप खोटंच. तेव्हा ही बाई पोरं मोजायला येणार असेल तर माझा पहिला प्रश्न एवढाच – कशानं मोजणार?

मुलगा मालाची गाडी घेऊन आठवडा-आठवडा बाहेर असतो. फोनवर त्याला सांगितलं. म्हणाला, “मोजू दे की, बाबा. तुमचं काय जातं?”

काय जातं! शिक्का काय चीज असते हे याला ठाऊक नाही. मी मारलेत. लोखंडावर एकदा बसला की कानशीनं घासला तरी खूण राहते. आणि ही तर चार वर्षांची पोर.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज पुन्हा सगळं तपासून घेतलं. दाराची वरची कडी जरा सैल झाली होती, स्क्रू पिळले. ही कडी मी अशी बसवलीय की माझाच हात जेमतेम पोचतो. गॅसचा कॉक काम झालं की बंद. सुऱ्या आणि कात्री माळ्यावर. कपाटांच्या मुठी दोरीनं बांधलेल्या. खिडकीला जाळी, जाळीला आतून तार. खुर्च्या वापर झाला की उलट्या करून ठेवायच्या, नाहीतर त्यांची शिडी होते.

पाहुणे हसतात. हसेनात का! घरात लहान मूल म्हटलं की एवढं लागतंच.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे साखर आणायला गेलो होतो. या माणसाला मी नोकरीत असताना काट्याखाली लोहचुंबक लावलेलं पकडलं होतं. चांगला दंड बसला. अजून मला बघितलं की हातातलं फडकं आपसूक काट्यावर फिरतं. मी साखरेच्या पारड्यावर नजर ठेवून उभा. भिंगरी बाजूलाच होती. होती म्हणजे – आताच तर होती.

पुढचं सगळं एका दमात झालं. रस्त्यापलीकडे मांजर. भिंगरी रस्त्यात. टेंपोचा ब्रेक. आणि हा पोट सुटलेला वाणी गल्ल्यावरून उडी मारून बाहेर! फ्रॉकला धरून तिला मागे ओढली. तिला काही वाटलं नाही, ती “मांजर गेली” म्हणून रडत होती. 

वाणी धापा टाकत म्हणाला, “साहेब, मला दोन नातवंडं आहेत. पण असं मूल नाही बघितलं. परवा तुमच्या सूनबाईंच्या हातातूनही अशीच सुटली होती.”

म्हणजे बघा! आभार मानायला तोंड उघडावं तर याचं हे. जुना दंड विसरला नाही, डूख धरून आहे. आता गल्लीभर सांगत सुटेल. आभार मानले, पण तोंडातल्या तोंडात.

सूनबाईला काही बोललो नाही.

९ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तरुण आहेत, पायात साधे बूट, खांद्याला कापडी पिशवी. पालकांना वर्गातल्या बुटक्या खुर्च्यांवर बसवून बोलल्या. माझे गुडघे हनुवटीला लागले. म्हणाल्या, या वयात नक्की सांगणं अवघड असतं, सगळीच मुलं चंचल. तरी निरनिराळ्या ठिकाणी मोजलं तेव्हा शंभरात साधारण दोन-चार मुलं निघाली. “आपल्याकडे किती, ते बघायचंय.” प्रत्येक मुलाबद्दल ताईंनी प्रश्नांची उत्तरं द्यायची, घरच्यांनीही द्यायची.

मी हात वर केला. “मोजणार कोण? ताई?”

“पहिल्या फेरीत ताई आणि तुम्ही.”

“आणि ताईंना कोण मोजणार?”

पालक हसले. बाईही हसल्या, पण माझ्याकडे नीट बघून. ताई मात्र हसल्या नाहीत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सहा!

आमच्या चोवीस पोरांच्या वर्गात सहा निघाली. कुणी सांगायचं नव्हतं, पण फाटकावर दुसरं बोलणंच नाही. कुणाकुणाला चिठ्ठी आली ते सगळ्यांना पाठ. आमच्याही घरी आली – मुलीला पुन्हा एकदा सविस्तर बघायचं आहे, घाबरू नये.

न घाबरायला काय झालं? दुपारी मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. टेबलावर काच, काचेखाली जुने वर्गफोटो, समोर गार झालेला चहा. “आजोबा, अजून काहीच नक्की नाही. पण पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत पाठवताना आम्हाला विचार करावा लागेल. तिथं एका वर्गात साठ मुलं. एकीच्या मागे कोण धावणार?” गोड बोलत होत्या. याचा साध्या भाषेत अर्थ मी सांगतो – शिक्का बसला तर दार बंद.

शंभरात दोन-चार म्हणता, आणि आमच्या चोवीसांत सहा? म्हणजे शंभरात पंचवीस! एवढी खोट तर मला भाजीबाजारातसुद्धा सापडली नाही. नाचता येईना अंगण वाकडं. वर्ग सांभाळता येत नाही, म्हणून पोरं आजारी ठरवायची.

१४ सप्टेंबर, शनिवार

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमचं घर कधी फिरलं ते मला कळलंच नाही.

सूनबाई शिवणाच्या कारखान्यातून आली. मी सहज विचारलं, घरच्या प्रश्नांची उत्तरं तू काय दिलीस? तिनं पिशवी खाली ठेवली. म्हणाली, “खरी दिली.” म्हणजे? “म्हणजे ताईंनी जे सांगितलं तेच मी सांगितलं, बाबा. न विचारता.”

मी नको ते बोललो. आईच पोरीच्या मुळावर उठली तर बाहेरच्यांना काय बोलायचं, असं काहीतरी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला नाही. “तुम्ही दिवसभर तिच्यामागे असता. तुम्हाला त्याची सवय झालीय. मी कारखान्यात सुई हलू नये म्हणून श्वास धरून बसते आणि घरी आले की दुसरा श्वास धरते. कुठं पडली, कुठं पळाली. मला कुणीतरी सांगायला हवंय की मी वाईट आई नाही.”

भिंगरी मध्येच येऊन तिच्या पाठीवर चढली. “आई, घोडा!” आणि ही घोडा झाली, नाक ओढत.

माझं चुकलं असेल. पण काट्याचा प्रश्न तसाच राहतो.

१८ सप्टेंबर, बुधवार

तपासणी केली. गुपचूप.

बालवाडीत खेळातला एक तराजू आहे, लाल पारड्यांचा. दांडी मोडून पडला होता. दुरुस्त करून देतो म्हणालो. ताईंना नाही म्हणता येईना. कोपऱ्यात पक्कड घेऊन बसलो आणि सकाळभर वर्ग बघितला.

पहिली खोट पहिल्याच ओळीत सापडली. तिथं एक मुलगा बसतो, सगळे त्याला पुतळा म्हणतात. हाताची घडी, तोंडावर बोट, माशी बसली तरी हलत नाही. आणि ताईंचं अखंड चाललेलं – “बघा, तो कसा बसलाय! त्याच्यासारखं बसा.” वा! हे यांचं प्रमाण वजन! पुतळ्याशी तोलल्यावर जिवंत पोर जडच भरणार.

दुसरी खोट त्याहून मोठी. ज्या सहांना चिठ्ठ्या आल्या त्यांना गप्पांत घेऊन वाढदिवस विचारले, न सांगता आलं तर आयांना विचारलं. सगळी बारकी! प्रवेशाच्या शेवटच्या तारखेला कशीबशी बसलेली. वर्गातली मोठी पोरं त्यांच्याहून जवळजवळ वर्षानं मोठी. या वयात वर्षाचा फरक म्हणजे पाव आयुष्य झालं! ती चुळबुळणार नाहीत तर काय? आजार कसला, वय कमी आहे एवढंच.

भिंगरी तेवढी बारक्यांत बसत नाही. ती वर्गातल्या मोठ्यांपैकी. असू दे. एखादं वजन नियमाबाहेर निघतं.

सकाळभरात ती एका जागी दिसली नाही हे खरं. पण स्वतःचा आजोबा वर्गात बसलाय म्हटल्यावर कुठलं पोर जागेवर बसेल? तराजू दुरुस्त झाला. दोन्ही पारड्यांत सारखे ठोकळे ठेवून दाखवले, पोरं गोल करून बघत होती. भिंगरीनं मधूनच एक ठोकळा उचलला आणि पळाली. पोरं खो खो हसली. मीही हसलो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सापडलात, डॉक्टरीणबाई. आता याच तुम्ही.

२३ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंना गाठलंच. मोठ्या बाईंच्या ऑफिसाबाहेर बाकावर डबा खात होत्या. मी उभ्या-उभ्याच तोफ डागली. पुतळा सांगितला, वाढदिवस सांगितले. म्हटलं, तुमचा काटा शून्यावर नाही!

वाटलं, चिडतील. मोठ्यांची चूक दाखवली की ते आधी चिडतात, मग कागद दाखवतात. या बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि सरकून मला जागा दिली.

“बारकी मुलं जास्त सापडतात, हे आम्हाला माहीत आहे. सगळीकडे तसंच होतं. पुतळ्याचं मात्र तुम्ही बरं बघितलंत.” मग म्हणाल्या, “पण आजोबा, तुम्ही चाळणीला काटा समजताय. पहिली फेरी ही नुसती चाळणी. धान्य चाळलं की खड्याबरोबर मोठे दाणेही वर राहतात. मग एकेक हातानं निवडायचं. ती दुसरी फेरी. प्रत्येक मूल वेगळं बघायचं, वय धरून. कान तपासायचे, झोप विचारायची, घरी काय चाललंय बघायचं. उरेल ते उरेल.”

मी विचारलं, आणि चाळणीचाच आकडा कुणी छापून मोकळं झालं तर?

“तसे आकडे फिरतात ना! कुठं शंभरात दोन, कुठं वीस. कोण मोजतं आणि कशानं, त्यावर आकडा हलतो. म्हणून तर तुमच्यासारखी माणसं मला आवडतात.”

मस्का होता की खरं? उलटसुलट प्रश्न घातले. वय कसं धरता? एकाच माणसाचं मत घेता का? मूल एका दिवशी बिथरलेलं असेल तर? कुठं थांबल्या नाहीत, कुठं लपवलं नाही. जिथं ठाऊक नाही तिथं “ठाऊक नाही” म्हणाल्या. काटा कुठं चुकू शकतो हे स्वतःहून सांगणारा दुकानदार मला सबंध नोकरीत भेटला नाही.

शेवटी शिक्क्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, “या वयात आधी औषधाच्या नव्हे, मुलाला कसं सांभाळायचं हे घरच्यांना शिकवण्याच्या मागे लागतो. आणि शाळेला दार बंद करू द्यायचं नाही, ते माझ्याकडे लागलं.”

हे मला उगाच सांगितलं. आमचा त्याच्याशी काय संबंध?

२४ सप्टेंबर, मंगळवार

सूनबाईला म्हटलं, घाबरू नकोस, मी सगळं तपासून आलोय. दुसऱ्या फेरीत पोर सुटणार. तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरी फेरी. डॉक्टरीणबाई घरी आल्या. बालवाडीत त्या आधीच भिंगरीबरोबर दोन सकाळी घालवून आल्यात. मी घर लखलखीत ठेवलं होतं.

आत आल्या त्या दाराच्या वरच्या कडीकडे बघत राहिल्या. मग कपाटाच्या दोऱ्या. मग खिडकीची तार. उलट्या खुर्च्यांपाशी थांबल्या, एक सुलटी करून तीवर बसल्या. “हे सगळं तुम्ही केलंत?” मी म्हटलं, एकट्यानं. “कधीपासून?” ती चालायला लागली तेव्हापासून, जसजशी गरज पडली तसतसं. “आणि तिचे बाबा लहान असताना?” छे, तेव्हा दार सताड उघडं असायचं. त्यांनी मान हलवली. “फार मेहनत घेतलीत, आजोबा.” अगदी मनापासून म्हणाल्या. काम आवडलेलं दिसलं.

भिंगरीनं त्यांना चित्र काढून दाखवायला घेतलं. मांजरीचं डोकं काढलं, पाय काढायच्या आत दुसरा कागद. त्यावर एक रेघ, मग तिसरा. बाई तिच्याबरोबर जमिनीवर पालथ्या पडून बघत होत्या. घाई नाही, रागावणं नाही, तोंडावर बोट नाही. सूनबाई दाराला टेकून उभी होती. कारखान्यातून अर्धी रजा काढून आली होती.

जाताना बाई माझ्या पाया पडल्या. हे मला समजलं नाही.

पण एक लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायची सवय नाही. या बाईच्या कामात मला खोट सापडली नाही. काटा शून्यावर आहे. माझ्याकडून हा पास.

१ ऑक्टोबर, मंगळवार

सहांतल्या एका बारक्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या आजोबांनी चहाला बोलावलं. त्यांचा सुटला, म्हणून खुशीत. त्याला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, एवढंच निघालं! बिचारा हाक ऐकू येत नाही म्हणून उठून जायचा.

आत शिरलो आणि माझ्यातला निरीक्षक जागा झाला. दार उघडंच! कडी नाही. शेगडीचा कॉक चालू, सुरी टेबलावर, तीही काठाशी. खिडकीला जाळीचा पत्ता नाही आणि खिडकीखाली खुर्ची. म्हटलं, अहो, घरात चार वर्षांचं पोर आहे ना? आजोबा म्हणाले, “आहे की. तो काय तिथं.”

तो तिथं होता. उघड्या दाराशी बसून ठोकळ्यांचं घर रचत होता. मी चहा संपवेपर्यंत रचत होता. एकदा पडलं, पुन्हा रचलं. दाराबाहेरून मांजर गेली. त्यानं बघितलं आणि परत ठोकळ्यांकडे वळला.

चहा कसा होता ते आठवत नाही.

येताना वाण्याच्या दुकानात थांबलो. भिंगरीसाठी बिस्किटं घेतली. वाणी सवयीनं काटा पुसायला लागला. म्हटलं, राहू दे. त्या दिवशी तू उडी मारलीस, ते माझ्याकडून नीट बोललं गेलं नाही. तो म्हणाला, “साहेब, पोर कुणाचंही असो.” काट्याकडे मी बघितलंच नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार

दाराच्या कडीकडे बघत बसलो. फार उंच बसवलीय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

निकाल आला. पाच सुटली. एक राहिली.

चिठ्ठी सूनबाईच्या हातात होती. जिनं खरी उत्तरं दिली होती, तिनंच विचारलं, “बाबा, तुम्हाला यातलं कळतं. त्यांच्या मोजण्यात काही खोट असेल का हो?”

भिंगरी माझ्या खांद्यावर चढत होती. तिचा पाय हातात धरला.

“नाही गं पोरी,” म्हणालो. “काटा मी स्वतः तपासलाय.”